शेणाच्या दोन थरांमधली ताल

बुद्धभूषण ओव्हाळ यांच्या कामाबद्दल त्यांच्या आईचं मत साधं आहे. नवरा महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात खड्डे खणायचा, मुलगा पीएच.डी. होऊन खड्डेच खणतो. फरक एवढाच की नवऱ्याला खड्डा त्याच दिवशी बुजवावा लागायचा आणि मुलाचे वर्षानुवर्षं उघडे राहतात. सुंदराबाई हे बिबवेवाडीतल्या शेजारणींना कौतुकानं सांगतात की तक्रारीनं, ते ओव्हाळांना अजून उमगलेलं नाही.

ओव्हाळ पन्नाशीच्या अलीकडे आहेत. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ते उत्खनन सहायक म्हणून लागले तेव्हा करार एका हंगामाचा होता, आणि तो आजतागायत हंगामाहंगामानंच वाढत आला आहे. एवढ्या काळात त्यांनी लेणी मोजली, देवळांचे पाये मोजले, नदीकाठची टेकाडं खणली आणि त्यांचे अहवाल लिहिले. अहवालाच्या मुखपृष्ठावर नाव कायम संचालकसाहेबांचं आणि आतल्या पानावर 'साहाय्य' या शब्दापुढे ओव्हाळांचं. त्याबद्दल ते बोलत नाहीत. त्यांना राग येतो तो दुसऱ्याच गोष्टींचा. उलट्या हातानं ओढलेल्या ब्रशचा, जागा न लिहिता पिशवीत टाकलेल्या खापराचा, आणि 'मग, काय सापडलं?' या प्रश्नाचा.

खराडीच्या खोदकामाचे प्रमुख तेच होते, आणि तिथे हा प्रश्न त्यांना रोज ऐकावा लागला.

काचेच्या कचेऱ्या जिथे संपतात तिथून नदीकडे उतरणारा एक माळ आहे. त्या माळावर दगडांची एक मोठी, वाकडीतिकडी गोल भिंत आहे; आता जेमतेम गुडघ्याएवढी उरलेली. आत कधीकाळी थोडी घरं होती आणि पुष्कळ गुरं होती. अशा जागेला आपल्याकडे वाडगं म्हणतात. पहिल्या हंगामात आतल्या एका चुलीतला कोळसा तपासून आला आणि त्याचं वय निघालं आठव्या-नवव्या शतकातलं. पुण्याचा म्हणून जो इतिहास पुण्यात सांगितला जातो, तो सुरू व्हायच्या पुष्कळ आधीचं. वाडग्याच्या बाहेर, उताराला आडव्या, दगडांच्या लांबलचक रांगा आहेत. पावसात माती वाहून जाऊ नये म्हणून शेतकरी रचतात त्या ताली.

एवढंच होतं. आणि एवढ्यावर कोणाचंच समाधान नव्हतं. जवळच्या देवस्थानाच्या मंडळींना ते मंदिराचं आवार असावंसं वाटत होतं. शेजारच्या टॉवरमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी तो किल्ला असल्याचं सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं होतं. ओव्हाळांच्या स्वतःच्या वस्तीतल्या विहाराचे सचिव खास रिक्षा करून आले, भिंतीभोवती दोन चकरा मारल्या आणि हळूच म्हणाले, "भूषणराव, विहारच आहे ना हा? आम्हाला तरी खरं सांगा." ओव्हाळांनी सगळ्यांना तेच उत्तर दिलं की हे गुरांचं वाडगं आहे. ऐकणारा प्रत्येक जण हा माणूस काहीतरी दडपतोय अशी खात्री करून परत गेला.

ओव्हाळांना मात्र वाडग्याचंही एवढं नव्हतं. त्यांचा जीव तालींत अडकला होता.

माळावरून रस्ता जायचा होता. वारसा समितीनं वाडगं राखायचं ठरवलं आणि रस्ता बाजूला सरकवला. सरकवला तो नेमका तालींवर. रस्त्याच्या सल्लागारांनी लिहून दिलं की ताली बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराची कामं निघाली तेव्हाच्या आहेत आणि त्यांना ऐतिहासिक मूल्य नाही. तसं नाही असं वाटत असेल तर दिवाळीपर्यंत दाखवून द्या, असं समितीनं ओव्हाळांच्या संस्थेला कळवलं. दाखवता आलं तर रस्ता आणखी खाली, नदीच्या अंगानं जाणार होता. नाहीतर ताली जाणार होत्या.

नुसतं वाडगं राहिलं तर ती एक गोल भिंत. तालींसकट राहिलं तर ते एक शेत, हजार-बाराशे वर्षांपूर्वी कोणीतरी या उतारावर जमीन कशी कसली, पाणी कुठे अडवलं, गुरं कुठून आणली-नेली, हे सगळं सांगणारं. पुणे शहराच्या हद्दीत असं दुसरं शेत ओव्हाळांना ठाऊक नव्हतं. लेणी आणि देवळं कोणी बांधली ते शिलालेखांत असतं. शेताचं कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून ते जमिनीतूनच वाचावं लागतं, असं ते विद्यार्थ्यांना सांगत.

समितीच्या वतीनं पाहणीला येत ते बद्रीनाथ काळदाते, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. सत्तरी कधीच ओलांडलेली, पाठ ताठ, बोलणं तुटक. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या वाट्याला दुष्काळी कामांवरची देखरेख आली होती. पहिल्या भेटीत ओव्हाळ तालींची रचना समजावून सांगू लागले तेव्हा काळदात्यांनी हात वर केला.

"अहो ओव्हाळ, ताल कशी असते ते मला नका सांगू. तुमचा जन्म व्हायच्या आधी मी मैलच्या मैल बांधून घेतल्यात."

खोदकामावरच्या बायकांची मुकादम मथुराबाई. नदीपलीकडच्या गावातली, हातानं चटपटीत आणि तोंडानंही. तिनंही काळदात्यांचीच री ओढली. तिची सासू त्या कामावर होती, संध्याकाळी खायला सुकडी मिळायची, असं ती सांगू लागली. ह्याच माळावर का, असं ओव्हाळांनी विचारलं.

"माळावर म्हणायची. कंचा माळ ते म्या कशाला इचारू? माळ काय, समदे सारकेच."

ओव्हाळांनी मान डोलावली. या एका बाबतीत समिती, सल्लागार आणि मथुराबाई यांचं एकमत होतं.

पाऊस पुरता उघडायची वाट न बघता त्या वर्षी खोदायला सुरुवात झाली. वरची एक ताल उतारावरून येऊन थेट वाडग्याच्या भिंतीला भिडत होती. तो सांधा ओव्हाळांनी निवडला. आठवडाभरात खड्डा कंबरेएवढा झाला. खड्ड्याची उभी, ओळंब्यात कापलेली बाजू म्हणजे सेक्शन. त्यात मातीचे थर एकावर एक दिसतात आणि खालचा थर वरच्याच्या आधीचा, हा या धंद्यातला पहिला नियम. मथुराबाईनं थापीनं सेक्शन खरवडून साफ केला, बाजूला झाली, आणि ओव्हाळ समोर उकिडवे बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

तळाला राखाडी, किंचित हिरवट झाक असलेला, दाबून घट्ट झालेला थर होता. वाडग्यातून वर्षानुवर्षं बाहेर लोटलेलं शेण. त्या थरावर तालीचा पायाचा दगड बसवलेला. आणि त्या दगडाच्या अंगावर चढत गेलेला, हाताच्या पंज्याएवढ्या जाडीचा, पुन्हा तसाच राखाडी थर. म्हणजे ताल रचली तेव्हा वाडग्यात गुरं होती आणि रचून झाल्यावरही होती. खालच्या आणि वरच्या शेणाचं वय निघालं की ताल त्या दोन्हींच्या मध्ये अडकली. हजार वर्षांपूर्वीच्या शेणाखाली बहात्तर साली कोणी दगड सरकवू शकत नाही.

त्यांच्याबरोबर संशोधन करणारी पूर्वा म्हणाली, "सर, धिस इज इट." ओव्हाळांनी तिला फोटो काढायला सांगितले. ऊन कलतं होतं. खड्ड्याच्या काठाची सावली सेक्शनवर तिरपी, नेमकी तालीच्या दगडावरून पडली होती. आत्ता तसेच चार काढून ठेवायचे आणि सकाळच्या उजेडात नीट काढू, असं ठरलं. मोजून आराखडाही ओव्हाळांनी त्या दिवशी काढला नाही. ओल्या मातीत थरांच्या सीमा फसवतात, माती सुकल्यावरच मोजणीची दोरी लावायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता आणि तो मोडल्याबद्दल त्यांनी कित्येक विद्यार्थ्यांना झापलं होतं.

नमुनेही घेतले नाहीत. समितीची अट होती की नमुने काळदात्यांच्या समोर काढून, त्यांच्यासमोर पिशव्या बंद करायच्या. ओव्हाळांनी फोन केला तर काळदाते दसऱ्यासाठी मराठवाड्यातल्या गावी निघाले होते. दसरा होऊ द्या, येतोच, म्हणाले. एवढी वर्षं थांबलंय ते शेण, आणखी चार दिवस थांबेल, असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पावसाची भुरभुर. सेक्शनवर ताडपत्री सोडून ओव्हाळ घरी आले. पुढे सुट्टी होती.

खंडेनवमीला मजूर खोदकामावर येऊन हत्यारांची पूजा करतात. कुदळी, फावडी, घमेली, थाप्या, सगळं ओळीनं मांडून. ओव्हाळ त्या दिवशी कधी जात नाहीत. यात रागलोभ काही नाही. हत्यारं त्यांची, पूजा त्यांची, आपण मध्ये उभे राहिलो की उगाच त्यांना अवघडल्यासारखं होतं, एवढंच. दसऱ्याला ते सुंदराबाईंना आणि मुलगी मैत्रीला घेऊन देहूरोडच्या विहारात जातात. या वर्षीही गेले. येताना गाडीत सुंदराबाईंनी विचारलं की माळावर या खेपेला काय निघालं. ओव्हाळांनी थर, ताल, वाडगं, सगळं सांगितलं. मैत्री खराडीतच नोकरीला आहे, ऑफिसच्या खिडकीतून तिला तो माळ दिसतो. ती म्हणाली की पप्पा फोनवरही शेणाबद्दलच बोलतात. सुंदराबाईंनी तिला गप्प केलं आणि त्या शेतात राबणारी माणसं कोण होती ते विचारलं. ते खणून कळत नाही, ओव्हाळ म्हणाले. मग कळतं तरी काय, असं पुटपुटून त्या बाहेर बघत बसल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर लावून ओव्हाळ खड्ड्याकडे गेले. ताडपत्री घडी करून काठावर ठेवलेली होती. ऊन चांगलं पडलं होतं. खड्डा आतून इतका नीटनेटका त्यांनी आजवर पाहिला नव्हता. तळ झाडलेला. हत्यारं ओळीत, हळदकुंकू लावलेली. त्यांची स्वतःची थापीही त्यात, तिच्या मुठीला झेंडूचं फूल. आणि समोरचा सेक्शन वरपासून खालपर्यंत सारवलेला.

हिरवट तपकिरी, एकसारखा, गुळगुळीत. त्यावर हाताच्या अर्धगोल वळणांच्या खुणा. कडेनं रांगोळीची पांढरी रेघ. खालचा थर नाही, वरचा थर नाही, दगड नाही. दिवाळीच्या आधी घराची भिंत दिसते तशी भिंत.

मथुराबाई मागून आली. तिला वाटलं, साहेब बघत उभे आहेत म्हणजे आवडलेलं दिसतंय.

"पूजेला ताडपत्री काढली तर ही एवढाल्या भेगा," तिनं बोट दाखवून माप सांगितलं. "उन्हानं भिंत तडकाया लागली होती, साहेब. ढासळली असती. तुमीच म्हनत होता ना, ही भिंत गेली तर समदं गेलं. मग म्या आन् कौशल्यानं दोन हात दिले. आता पडायची न्हाई."

ओव्हाळांनी तिच्याकडे वळून विचारलं.

"शेण कुठून आणलं?"

"गोठ्यातनं. घरचं हाय."

"गाईचं की म्हशीचं?"

मथुराबाईला प्रश्न नवलाचा वाटला. "गाईचं. म्हशीचं असं बसत न्हाई."

"आणि माती?"

"माती हितलीच की. वरच्या ढिगातली."

त्यांनी हे सगळं का विचारलं ते मथुराबाईला कळायचं कारण नव्हतं. प्रयोगशाळा विचारणार होती. हजार वर्षांपूर्वीच्या शेणाचे सूक्ष्म कण ज्या भिंतीत शोधायचे, त्या भिंतीला परवाचं शेण चोपडलेलं होतं, आणि वरच्या ढिगातली, म्हणजे सगळ्या थरांची मिळून झालेली माती त्यात कालवलेली होती. ठरवूनही कोणाला हे इतकं पुरतं करता आलं नसतं.

ते खड्ड्याच्या काठावर बसले. ओरडले नाहीत. ओरडायचं तर कोणावर? भिंत टिकली पाहिजे असं तेच पहिल्या दिवसापासून सांगत होते. गेल्या आठवड्यात मातीचा एक टवका पडला तेव्हा सगळ्या बायकांसमोर चिडलेही होते. मातीची भिंत तडकू लागली तर शहाण्या बाईनं जे करायचं ते मथुराबाईनं केलं होतं, आणि सुट्टीच्या दिवशी, सणाचं, कोणी सांगितलेलं नसताना केलं होतं.

"चुकलं का काय, साहेब?"

"नाही," ओव्हाळ म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "हो."

संस्थेचे संचालक डॉ. सुदर्शन बेहेरे यांना त्यांनी फोन लावला. बेहेरे सगळं ऐकून घेतात, मध्ये बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे. या वेळीही त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ओव्हाळ, आपण तिथे शेणाचा पुरावा शोधत होतो ना? मिळाला म्हणायचा."

 बेहेऱ्यांनी मग कामाचं विचारलं. फोटो आहेत ना? आहेत, पण सावलीतले. आराखडा? नाही. का नाही, या प्रश्नाला ओव्हाळांकडे जे उत्तर होतं ते त्यांना स्वतःलाच आता हास्यास्पद वाटू लागलं होतं. माती ओली होती.

पूर्वाचं म्हणणं होतं की एवढं टेन्शन घ्यायचं कारण नाही, सेक्शन पाच-सहा इंच मागे कापून घेऊ, आत तेच थर असणार. हे बरोबर होतं. पुस्तकातही तेच लिहिलेलं आहे. ओव्हाळांनी सारवण ओलं असताना हात लावू दिला नाही आणि काळदात्यांची वाट पाहिली. काय करायचं ते त्यांच्या डोळ्यांसमोर करायचं.

काळदाते आले. सारवलेली भिंत पाहून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. काठावर खुर्ची मागवून बसले. ओव्हाळ स्वतः खाली उतरले आणि थापीनं वरून खाली सोलत निघाले. पापुद्र्यासारखं सारवण निघालं. आतली माती दिसली, पण थर सलग दिसेनात, कारण पावसानंतर पडलेल्या उन्हानं माती खोलवर तडकली होती आणि मथुराबाईनं काम मनापासून केलं होतं. भेगा बुजाव्यात म्हणून तिनं पातळ काला अंगठ्यानं दाबून आत भरला होता. प्रत्येक भेगेत हिरवट रेघ, रेघेत कडब्याची बारीक तुसं. ओव्हाळ आणखी आत गेले. रेघा बारीक झाल्या, संपल्या नाहीत. आणखी आत गेले. पूर्वा वरून म्हणाली, सर, आता थोडं राहिलंय. त्यांनाही तसंच वाटत होतं.

पुढच्या खरवडीला तालीचा पायाचा दगड हलला. ओव्हाळांनी तळहातानं तो दाबून धरायचा प्रयत्न केला. दगड त्यांच्या हाताखालून सरकला आणि बरोबर वरची माती घेऊन तळाशी येऊन पडला. मागे पोकळी होती. पोकळीत काळ्या प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा. कोणीतरी कधीतरी शेताला पाणी नेण्यासाठी पलीकडून चर खणला होता आणि बुजवला होता. सांधा जेवढा शाबूत होता तेवढा त्याच एका पापुद्र्यात होता. आता तोही नव्हता.

 मग काळदाते खुर्चीतून वाकले.

"वरचा थर तुम्ही पाहिला होता?"

"पाहिला होता."

"तालीवर चढलेला?"

"हो."

"तुमच्याखेरीज कोणी?"

"पूर्वानं. मथुराबाईंनी."

"एक तुमची विद्यार्थिनी," काळदाते म्हणाले. "आणि दुसरीनं तो सारवला." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. ते खरोखर हिशेब लावत होते.

खालच्या थराचा नमुना मिळाला. त्यानं वाडग्याचं वय पुन्हा एकदा सिद्ध होणार होतं, जे कोणी नाकारत नव्हतं.

पूर्वानं फोटो संगणकावर उजळून पाहिले. सावलीच्या पट्ट्यात राखाडीवर गडद राखाडी असं काहीतरी दिसत होतं. ज्याला थर पाहायचा त्याला थर दिसत होता. सल्लागारांना सावली दिसली असती, आणि त्यांना खोटं ठरवायला ओव्हाळांकडे काही नव्हतं.

अहवाल लिहायला बसण्याआधी बेहेऱ्यांनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं होतं की थर प्रत्यक्ष पाहिलेला आहे, तर 'दोन्ही थर निरीक्षणात आढळले' असं लिहायला हरकत नसावी. त्यात खोटं काही नाही. सारवणाचा उल्लेख अनावश्यक आहे. करायचाच झाला तर मजुराच्या निष्काळजीपणामुळे सेक्शनची हानी झाली असा एका ओळीत करावा. आणि या खेपेला, ते खिडकीकडे पाहत म्हणाले, अहवालावर ओव्हाळांचं नाव पहिलं घालायचा त्यांचा विचार आहे.

ओव्हाळांनी लिहिलं ते असं: खालचा थर नमुन्यासह सिद्ध. वरचा थर उत्खनन प्रमुखानं पाहिला, मोजमाप, आराखडा, नमुना नाही, छायाचित्र अनिर्णायक. खड्डा प्रमुखाच्या गैरहजेरीत राखणीविना होता, त्या काळात सेक्शनला शेणमातीचा लेप बसला. तालीचं वय या पुराव्यावरून सांगता येत नाही. मथुराबाईचं नाव त्यात कुठे नव्हतं. बेहेऱ्यांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आपण फार प्रामाणिक आहात, ओव्हाळ. रस्तेवाले आपले ऋणी राहतील."

अहवाल गेला. ओव्हाळांचं नाव पहिलं होतं. बेहेऱ्यांनी आपलं काढून घेतलं होतं.

समितीची बैठक झाली त्या दिवशी दुपारी काळदात्यांचा फोन आला. ताली राखायच्या यादीतून वगळायचं ठरलं, त्यांनी सांगितलं.

"मीही ताली राखण्याच्या विरोधात मत दिलं. तुम्ही जे लिहिलंत त्यावरून दुसरं देता येत नव्हतं."

"बरोबर आहे, सर."

"मला ताली जुन्या वाटतात, ओव्हाळ. आता सांगून उपयोग नाही, पण वाटतात. आमच्या वेळी आम्ही पायाला दगड असा आडवा घालत नव्हतो."

हे तुम्ही बैठकीत का बोलला नाहीत, असं ओव्हाळांच्या अगदी ओठांवर आलं. पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, हे त्यांनीच चार पानं खर्चून लिहिलं होतं. त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला. मग संस्थेच्या जिन्यात बराच वेळ नुसते उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं, काही हरवलंय का.

समितीनं एक सवलत दिली. ताली काढताना ओव्हाळांनी हजर राहावं आणि काही दिसलं तर नोंदवावं. दिवाळीनंतर माळावर जेसीबी आला. चालवणारा जयसिंग, मूळचा कुठला ते त्यानं सांगितलं नाही, पण स्वभावानं सबुरीचा. ओव्हाळांनी हात केला की तो बकेट वर धरून थांबायचा. ओव्हाळ ताजा काप खरवडून बघायचे. राखाडी थर कुठे आहे का, हिरवट झाक कुठे आहे का. तांबूस मुरूम, काळी माती, मुळं. वाडग्यापासून लांबच्या तालीत शेण मिळायची आशा तशी नव्हतीच. ते हात झाडून बाजूला व्हायचे. ठेकेदाराचा माणूस लांबून घड्याळ दाखवायचा. अशा एकेक करून ताली गेल्या. रचायला किती पिढ्या लागल्या असतील ते माहीत नाही, काढायला मशीनचा एक हात पुरत होता.

मधल्या एका तालीत बकेटमधून दगड गडगडत खाली आला आणि ओव्हाळांनी हात वर केला. दगडाच्या एका अंगावर सरळ, गोलसर खोबण होती, अंगठ्याएवढी रुंद. सुरुंगाच्या दारूसाठी पहारीनं छिद्र पाडतात, दगड फुटला की त्या छिद्राची अर्धी नळी अशी अंगावर राहते. हा दगड अलीकडच्या काळात सुरुंगानं फोडलेला होता. ओव्हाळांनी बाजूचे दगड उलथून पाहिले. आणखी एकावर तशीच खोबण निघाली. ही ताल दुष्काळातली होती, किंवा निदान दुष्काळात दुरुस्त केलेली.

जयसिंग खाली उतरून शेजारी उभा राहिला होता. त्याला खोबण लगेच ओळखता आली, त्यानं खाणीवर काम केलेलं होतं.

"मंजे तुमचंच चुकलं का, साहेब?"

"या एका तालीपुरतं."

"आन् बाकीच्या?"

"बाकीच्या तू उचलून टाकल्यास."

जयसिंग ओशाळला. आपल्याला सांगितलं तेवढं केलं, असं काहीसं म्हणाला. ओव्हाळ म्हणाले की त्याला कोणी दोष देत नाही. त्यांनी दगडाशेजारी मोजपट्टी ठेवली, ऊन कुठून येतंय ते पाहिलं, स्वतःची सावली पडू नये म्हणून पलीकडे गेले आणि फोटो काढला. खोबणीची लांबी-रुंदी मोजली, दोरी लावून जागा ठरवली, आराखडा काढला. ठेकेदाराचा माणूस तावातावानं येऊन कशासाठी खोळंबा चाललाय विचारू लागला. ओव्हाळांनी त्याला दगड दाखवला. तुमच्या बाजूचा पुरावा आहे, म्हणाले, तोही नोंदवायला लागतो. तो माणूस काही न समजून परत गेला.

आराखडा पुरा झाल्यावर त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, तालीवरून बाजूला झाले आणि जयसिंगला हातानं खूण केली, चालू दे.